हळदीचं मुसळ

"ओ ताई, हे लाटणं बदलून द्या बरं," मांडवाच्या मागून पुन्हा आवाज आला. "हाताला बसतच न्हाई. पुरी एका बाजूनं जाड होऊन राह्यली."

सुरेखाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते लाटणं तिच्या तरी हाताला कुठे बसत होतं? खरं तर तिने ते बसवून बघितलंच नव्हतं. पोळ्याच्या सणाला तिच्या सासऱ्यांनी, बद्रीनाथ मामांनी, ते न विचारता उचललं होतं आणि दोन्ही टोकांना खाचा पाडून परत ओट्यावर आणून ठेवलं होतं. चांगलं शिसवाचं, तिच्या माहेरून आलेलं लाटणं! तिने ते तिथल्या तिथे त्यांच्या दिशेने भिरकावलं होतं, दुसऱ्या दिवशी बाजारातून नवं आणलं होतं, आणि आज पुऱ्यांना लाटणी कमी पडली म्हणून ते माळ्यावरून काढून दिलं होतं. मामांच्या हाताखालून गेलेली वस्तू कुणाच्याच कामाची राहत नाही, हे आता परक्या बाईनेही सांगितलं होतं.

ट्रॅक्टर आला आणि घरातली अवजारं बिनकामाची झाली, तेव्हापासून मामांचा हा लाकडं कोरण्याचा छळ सुरू होता. तिफणीचा मोर झाला. जुवाचं काय झालं ते अजून कुणाला कळलं नव्हतं. मामा म्हणत, पाण्यातली म्हैस आहे. सीताफळीच्या मुळाचा खेकडा आणि कवठाच्या कवटीचं घुबड देवळीत देवांच्या शेजारी बसलं होतं आणि सुरेखा रोज उदबत्ती लावताना त्या घुबडाकडे बघायचं टाळत होती. तुरीच्या पेंडीतून सरपण ओढायला जावं तर मागून आवाज यायचा, "ती नको, ती नको, तिच्यात मुंगूस हाय." तिच्यात मुंगूस असो नाहीतर वाघ असो, पाणी तापवायचं कशावर? शेवटी तिने गॅसवर पाणी तापवायला सुरुवात केली, आणि त्यावरून नवरा भागवत ओरडला तो वेगळाच.

पण आज तिला ह्या कशाचाही विचार करायचा नव्हता. आज लेकीचा, शिवकन्येचा मांडव होता. उद्या भोकरदनच्या मंगल कार्यालयात लग्न, नवरदेवाकडचे मंठ्याचे पाहुणे पहाटेच निघणार. आणि आता दुपारच्या आत हळद फुटायला हवी होती.

आणि खरी अडचण त्या हळदीचीच होती.

ह्या भावकीत हळद फोडायचा पहिला मान आत्याचा. अंगणातल्या दगडी उखळात हळकुंडं घालायची, मुसळाला आंब्याचा डहाळा बांधायचा, पाच सवाष्णींनी मिळून मुसळ धरायचं आणि पहिला घाव आत्याने घालायचा. भागवतची थोरली बहीण पुष्पाबाई ह्या भावकीतल्या एकूण एक पोरांची आत्या. केदारखेड्यात ह्या आडनावाच्या घरात हळद फुटली आणि पुष्पाबाईने मुसळ धरलं नाही, असं कधी झालं नव्हतं. परवाच्या साली तिचा नवरा जालन्याच्या दवाखान्यात वारला, आणि झालं. मागच्या उन्हाळ्यात चुलत घरातल्या सुमितच्या हळदीत गयाबाई काकूंनी तिला गोड आवाजात सांगितलं होतं, "तू जरा पाहुण्यांच्या चहाचं बघ बाई." पुष्पाबाईने चहाचं बघितलं. आणि हळद लागायच्या आधीच मिळेल त्या गाडीने जालन्याला निघून गेली.

आता पाळी सुरेखाच्या अंगणाची.

"आत्यानं मुसळ धरलं न्हाई तर मी पाटावर बसणार न्हाई," शिवकन्येने सकाळी चहा पितानाच जाहीर करून टाकलं होतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती आत्याकडे राहिली होती. आत्याच्या हातचा डबा खाऊन शिकली होती. बोलणारच ती. पण उद्या ही सासरी जाणार, आणि भावकीत तोंड द्यायचं सुरेखाला.

भागवतला विचारलं तर तो मांडवाचे खांब मोजल्यासारखं करत म्हणाला, "तुमचं बायाबायांचं तुम्ही बघा. फक्त काकू रुसायला नको. त्या उठल्या की त्यांच्यामागं समदी आळी उठती."

सगळ्यांचं सगळं बरोबर. फक्त सुरेखाने जादू करून दाखवायची.

मग तिने केली. पुष्पाबाईच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "ताई, भोकरदनला फुलवाल्याकडं जाऊन यायला लागतंय. हे गाडी काढतात. तुमच्याबिगर हार कुणाला पारखता येत न्हाईत." पुष्पाबाईने पिशवी घेतली.  नुसतं सुरेखाकडे बघितलं. ते बघणं सुरेखाच्या मानेवर अजून बसलेलं होतं, पण निदान कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणणार नव्हतं. फुलं येईपर्यंत हळद फुटून जाईल. वाईट वाटतंय, पण दुसरं करणार काय, असं तिने स्वतःला दहादा समजावलं होतं.

उखळाभोवती बाया जमल्या. गयाबाई काकू पाटावर मधोमध बसल्या, सुरेखाची जाऊ बेबीनंदा हळकुंडं निवडत बसली. काकू म्हणाल्या, "मुसळ कुठंय?"

"मामांकडं हाय. खालचं लोखंडी कडं ढिलं झाल्तं, पाचर मारायला दिलं होतं," सुरेखा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने गोठ्याकडे मान वळवली.

आठवडाभर मामा गप्प होते. आठवडाभर त्यांनी सरपणाकडे बघितलं नव्हतं, कुणाच्या खाटेचा खूर मागितला नव्हता, जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला येत होते. आणि ती मूर्ख बाई, लग्नाच्या गडबडीत, देवाचे आभार मानत होती!

बद्रीनाथ गोठ्याकडून आले. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं मुसळ. त्यांनी ते उखळाला टेकवून उभं केलं, सुतळी सोडली आणि पोतं खाली सोडलं.

 बेबीनंदाच्या तोंडून निघालं, "आगं माय."

बाभळीचं ते काळंभोर मुसळ, खांद्याइतकं उंच, वापरून वापरून मधे बारीक झालेलं. त्या बारीक झालेल्या भागावर आता वरपासून खालपर्यंत हात होते. कोरलेले हात. एकाखाली एक, मुठी आवळलेले, जणू चार बाया लाकडाच्या आतून मुसळ धरून उभ्या होत्या.

"मामा!" सुरेखाचा आवाज मांडवाबाहेर गेला. "मी काय सांगितल्तं तुम्हाला? कडं बसवा, आन् दुसरं काही करू नका. हेच म्हणले होते का न्हाई? लग्नाचं मुसळ हाय ते! तुम्हाला साऱ्या गावात दुसरं लाकूड घावलं न्हाई?"

"कडं बसवलंय की," बद्रीनाथ म्हणाले. "हालवून बघ."

"कडं घाला चुलीत!"

"खरवडलेलं मुसळ हळदीला चालत न्हाई," काकूंनी निकाल दिला. "दुसरं आणा जल्दी. मुहूर्त टळून राह्यला."

दुसरं आणा म्हणणं सोपं होतं. पोरी आळीत पळाल्या आणि हात हलवत परत आल्या. घरोघर मिक्सर. कुणाचं मुसळ भंगारवाल्याने नेलेलं, कुणाचं वाळवी लागून गेलेलं. एका घरातून लोखंडी पाईप आला. एकीने बॅट आणली. सुरेखाने त्या बॅटीकडे बघितलं आणि तिला वाटलं, आता आपण खाली बसून रडावं नाहीतर ही बॅट घेऊन गोठ्याकडे जावं. भावकीतलं एकच मुसळ, सगळ्यांच्या लग्नात फिरलेलं, आणि त्याची ही गत तिच्याच लेकीच्या मांडवात व्हायची होती.

बद्रीनाथ तिथेच उभे होते. आपल्या कामाकडे बघत, जसं काही घडलंच नव्हतं.

"हे काय करून ठेवलं भाऊजी?" काकू चिडून उठल्या आणि त्यांनी मुसळाला हात घातला, बहुधा ते बाजूला सारायला. त्यांचा हात वरच्या हातावर पडला आणि तिथेच थांबला. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ह्या बोटाला शेंडा न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

"न्हाईच तर," बद्रीनाथ म्हणाले. "कडबा तोडताना विळ्यानं गेल्ता."

"आत्याबाई." काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला, समोर सासू उभी असल्यासारखा. बद्रीनाथांची आई, काकूंची सासू, जाऊन चाळीस वर्षं होत आली असतील. "उंच होत्या. वरूनच धरायच्या. आन् हा?"

"हा तुमचाच. अंगठा बघा ना, कसा आडवा जातो तुमचा. मला काय करावं लागलं न्हाई वहिनी, लाकूड तिथं आधीच झिजलेलं व्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या जागी धरलेलं. मी जागा बघून घेतल्या फकस्त."

काकूंनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. त्याखालचा हात कुणाचा ते कुणाला विचारावं लागलं नाही. मनगटावर दोन बांगड्या कोरल्या होत्या, एक जाड आणि एक बारीक. सगुणाबाई अशाच घालायच्या. सुरेखाची सासू. सवाष्णच गेली. सुरेखाचा राग अजून पुरता उतरला नव्हता, पण त्या बांगड्यांपाशी तो थोडा अडखळला.

सगळ्यात खाली, गुडघ्याच्या थोडं वर, चौथा हात होता. डावा. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

पुष्पाबाई लहान असताना सगुणाबाईंच्या समोर बसून उखळात बाजरी सारत होती. सारायचा हात मागे घ्यायला उशीर झाला आणि मुसळ करंगळीवर आलं. ह्याच मुसळाने मोडलेली करंगळी, वाकडी बसली ती कायमची. भावकीतल्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती. आणि तरी त्याच हाताने तिने पुढे सगळ्यांच्या हळदी फोडल्या होत्या.

"ही ल्हान होती तव्हापासून कांडायची," बद्रीनाथ म्हणाले. "म्हणून तिची जागा खाली."

काकूंनी स्वतःला सावरलं. "हात कोरले म्हणून रीत बदलती का भाऊजी? रीत ती रीत."

"मी कुठं बदलतो? फोडा ना हळद. फकस्त पुष्पाच्या हाताला न धरता धरा."

काकूंनी वरून धरलं. बेबीनंदाने धरलं. मुसळ वर जाताना त्याचं खालचं टोक गदगदा हललं आणि हळकुंडावर न पडता उखळाच्या काठावर आपटलं. खालून धरायला कुणीतरी हवं होतं, आणि खाली धरायची जागा एकच होती. एका बाईने तिथे हात नेला, ती वाकडी करंगळी हाताला लागली, आणि तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. काकू मुसळ उखळाला टेकवून पुन्हा पाटावर बसल्या.

सुरेखाने मागे वळून बघितलं. पुष्पाबाई मांडवाच्या तोंडाशी उभी होती, हातात पिशवी. गाडी अजून निघाली नव्हती. भागवतला किल्ली सापडत नव्हती, म्हणजे त्याला ती सापडायला नको होती. ती किती वेळ तिथे उभी होती कुणास ठाऊक. ती मुसळाकडे बघत होती आणि आपली डावी मूठ तिने पदराखाली घेतली होती.

त्या पदराखालच्या मुठीने सुरेखाचं काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. सासऱ्याचा राग, नवऱ्याचा राग, काकूंचा, स्वतःचा, सकाळपासूनचा सगळा राग एकदम वर आला आणि ती पुष्पाबाईवरच ओरडली.

"ताई, ती पिशवी ठेवा खाली! फुलं आणायला ह्यांना हात न्हाईत का? ठेवा म्हणते ना!"

"राहू दे सुरेखा," पुष्पाबाई म्हणाली. "तू मला फुलं आणायला कामून धाडून राह्यली, ते मला तव्हाच कळलं होतं. मी काय ल्हान हाय का? जाते मी. बापानं लाकडात घातलं तेवढं बास झालं."

"बास न्हाई झालं! चुकलं माझं. भेले मी. पोरीची हळद आन् ह्या समद्या, मला काही सुचलंच न्हाई. शिव्या घाला मला, पण नंतर घाला. उद्या पोरगी जाईल तव्हा मला माझ्याच अंगणात तोंड लपवत बसायचं न्हाई." तिने पुष्पाबाईच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "आता या, आन् तुमच्या जागी धरा. त्या मुसळावर तुमचा हात असताना दुसऱ्या बाईनं ते धरायचं कसं, हे तुमच्या बापानं ठेवलंय का शिल्लक?"

आतल्या दारातून शिवकन्या बघत होती, पाटावर न बसता. कुणाकडे न बघता पुष्पाबाई पुढे आली. तिने पदराखालून हात काढला आणि मुसळ धरलं. वाकडी करंगळी वाकड्या करंगळीवर बसली.

सगळ्यांचे डोळे काकूंकडे. उठतात की काय. काकू उठल्या नाहीत, आणि पुढेही आल्या नाहीत. तोंड फिरवून बसल्या. बेबीनंदाने वरून हात घातला, सुरेखाने त्याच्यावर, मग आणखी दोघींनी. पहिला घाव पडला. हळकुंड फुटलं आणि कडूसर, मातकट वास मांडवभर झाला.

दुसरा घाव जरा तिरका गेला.

"अगं सरळ मारा की," काकू तोंड फिरवलेल्याच ठेवून खेकसल्या. "उखळ फोडता का काय! पुष्पा, तू धर नीट, ह्यांना काय कळतंय त्याच्यातलं." मग थोड्या वेळाने, कुणी बोलावलं नसताना, त्या उठल्या आणि त्यांनी आपला हात आपल्या हातावर ठेवला.

हळद फुटली. शिवकन्या पाटावर बसली. गाणी सुरू झाली आणि भागवतला किल्ली सापडली.

सुरेखा घाम पुसत बाजूला आली. उखळाला टेकवलेल्या मुसळाकडे तिने पहिल्यांदा नीट बघितलं. मामांची आई. काकू. सासूबाई. ताई. तिने खाली बघितलं, पलीकडून बघितलं. ह्या घरात तिची लेक लग्नाला आली, एवढी वर्षं ती इथे राबली, आणि तिचा हात कुठेच नव्हता.

ते तिला लागलं. आत कुठेतरी खोल लागलं, आणि लागलं म्हणून ती पुन्हा चिडली. बद्रीनाथ बाजेवर बसून चाकू पुसत होते.

"मामा, माझा कुठंय?"

"तुझा काय?"

"हात! समद्या बाया घातल्या त्याच्यात. मीच तेवढी परकी व्हय?"

बद्रीनाथांनी वर बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुझा मुसळावर कसा येईल? तू कवा कांडलं? तू आली तव्हा घरात गिरणीचं पीठ येत होतं. हात लावला न्हाई तिथं लाकूड झिजत न्हाई."

"म्हणजे माझं काहीच—"

"तुझं तर मी पोळ्यालाच करून दिल्तं. तू माझ्या डोक्याकडं फेकलं."

 मांडवाच्या मागून आवाज आला, "ओ ताई, ते लाटणं देता का बदलून? कुणाच्या हाताचं हाय हे कोण जाणे!"

ती मांडवामागे गेली. तिने त्या बाईच्या हातातून लाटणं घेतलं आणि पिठाच्या परातीशी, नव्या साडीत, मांडी घालून बसली. दोन्ही टोकांना धरलं. उजव्या बाजूची खाच खोल होती आणि डाव्या बाजूची उथळ, कारण ती नेहमी उजव्या हाताने जास्त दाबायची. हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. अंगठे आपोआप आपल्या जागी गेले. तिने एक गोळी घेतली आणि लाटली. पुरी सगळीकडून सारखी, गोल.

"बसलं की तुमच्या हाताला," ती बाई म्हणाली.

 सुरेखाने डोळ्यातलं पाणी पुसावं तर दोन्ही हात पिठाचे. मांडवाच्या कनातीपलीकडून बद्रीनाथांचा आवाज आला, "सुरेखा, चहा मिळंल का?"

"न्हाई मिळणार!" ती ओरडली. "तोंड दिलंय ना देवानं? तव्हाच सांगता येत नव्हतं?"

आणि दुसरी गोळी घेतली.